‘एका वॉशरने हिटलरला हरवलं’ : मर्लिन इंजिनच्या खोकल्यात खरं किती, दंतकथा किती?

चक्रीवादळ (धागाकर्ता) :

सध्या एक ढकलपत्र फिरतंय, मथळा वर दिलाय तोच. त्यात म्हटलंय की १९४० साली ब्रिटिशांना फ्युएल इंजेक्शन जमत नव्हतं, म्हणून स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनाला जुनाट कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) होता. सूर मारला की इंजिन बंद पडायचं. मग बिॲट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी पितळेचं एक वॉशर बसवलं आणि बॅटल ऑफ ब्रिटनचं, म्हणजे ब्रिटनच्या आकाशात जर्मनांशी झालेल्या हवाई लढाईचं, पारडं फिरलं. शेवटी फोडणी म्हणून ‘अमेरिकेने दिलेलं पेट्रोल’ आणि ‘जादूगार मर्लिनचं नाव दिलेलं इंजिन’ हेही आहे.

सगळंच खोटं नसणार. फ्लाइट सिम्युलेटरमध्येसुद्धा स्टिक पुढे ढकलली की स्पिटफायरचं इंजिन गचके खातं. पण नेमकं काय व्हायचं? कार्बच्या आत काय घडतं ते हवंय. वॉशरने काय बदललं, आणि तोवर वैमानिक काय करायचे? विज्ञान मंडळासाठी स्लाइड करायच्या आहेत, चुकीचं काही जायला नको.

कार्बसफाई :

आधी शब्द दुरुस्त करा. सूर मारल्याने इंजिन बसत नव्हतं, झटक्यात नाक खाली दाबल्याने बसायचं. दोन्हींत फरक आहे. हळूहळू नाक खाली करत गेलात तर मर्लिन सुरळीत चालायचं. स्टिक एकदम पुढे लोटली की विमान खाली जातं आणि आतलं सगळं वर राहू पाहतं : वैमानिक पट्ट्यात लटकतो, कॉकपिटच्या तळाची धूळ तोंडावर येते. हाच तो निगेटिव्ह जी. पेट्रोलही त्याला अपवाद नाही.

मर्लिनवर एसयू कंपनीचा फ्लोटवाला कार्ब होता. तत्त्व आपल्या जुन्या स्कूटरचंच : चेंबरमध्ये पेट्रोल, त्यावर तरंगणारा फ्लोट, फ्लोट वर आला की नीडल (सुईसारखी झडप) बसून आवक बंद, खाली गेला की आवक चालू. इंजिनाला पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, म्हणजे जेट, चेंबरच्या तळाशी. बजाज चेतक सकाळी सुरू होत नसली की एका अंगावर आडवी करून मग किक मारायचे, आठवतंय? फ्लोटची पातळी बिघडवून इंजिनला जादा पेट्रोल पाजायची ती युक्ती. मर्लिनच्या बाबतीत हेच नको तेव्हा आणि हजार घोड्यांच्या इंजिनात व्हायचं.

क्रम असा. पहिल्या क्षणी पेट्रोल चेंबरच्या छताला जाऊन चिकटतं, तळाची जेट उघडी पडतात. इंजिनला नुसती हवा मिळते, मिश्रण पातळ होतं, एक गचका बसतो. याला ‘वीक कट’ म्हणायचे. स्टिक लगेच मागे घेतली तर प्रकरण इथेच मिटतं.

स्टिक पुढेच धरून ठेवली तर दुसरा अंक सुरू होतो आणि तोच महागात पडायचा. पेट्रोल वर गेलं म्हणून फ्लोट उलटा, तळाकडे ‘तरंगतो’. त्यामुळे नीडल पूर्ण उघडते. पंप तर इंजिनाच्या गरजेपेक्षा बरंच जास्त पेट्रोल द्यायच्या तयारीने बसवलेला. ते सगळं आत घुसतं, चेंबर ओसंडतं, कच्चं पेट्रोल सुपरचार्जरमध्ये (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यात) जातं. मिश्रण इतकं दाट होतं की पेटतच नाही. एक्झॉस्टमधून काळ्या धुराचा भपका आणि ताकद गायब. हा ‘रिच कट’. नाक सरळ केल्यावरही ते जादा पेट्रोल ओढून बाहेर पडेपर्यंत इंजिन शुद्धीवर येत नाही. शेपटीवर कोणी असेल तर तेवढा वेळ पुरतो. समोर पळणारं मेसरश्मिट १०९ असेल तर ते तेवढ्यात हाताबाहेर जातं, कारण त्याच्या डीबी ६०१ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पिचकारीने जायचं. त्याला वरखाली सारखंच.

चक्रीवादळ :

झकास. म्हणजे गचका पातळ मिश्रणाचा आणि बंद पडणं दाट मिश्रणाचं. मग वॉशरने दोन्ही थांबलं का?

कार्बसफाई :

नाही, आणि ढकलपत्र इथेच घसरतं. वॉशरने फक्त दुसरं थांबलं.

शिलिंग फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी विमान-संशोधन संस्थेत होत्या. त्यांचा विचार सोपा होता : चेंबर ओसंडतं ते पंप गरजेपेक्षा जास्त देतो म्हणून. मग कार्बच्या तोंडाशी पेट्रोलच्या नळीत असा अडथळा घाला की पूर्ण ताकदीला लागतं तेवढंच आत येईल, थेंबभर जास्त नाही. आधी शिंप्याच्या अंगुस्तानासारखी पितळी टोपी केली, मधोमध भोक पाडलेली. पुढे साधी चपटी चकती झाली. इंजिन उतरवायला नको, विमान कारखान्यात पाठवायला नको, तळावरच बसवून टाकायची.

सगळी करामत भोकाच्या मापात. भोक लहान पडलं तर पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडणार, मिश्रण पातळ, सिलिंडर तापणार, डिटोनेशन (मिश्रण सावकाश जळण्याऐवजी एकदम फुटणं), पिस्टनला भोक. मोठं पडलं तर पुन्हा ओसंडणार, म्हणजे बसवून न बसवल्यासारखं. म्हणून बूस्टच्या, म्हणजे सुपरचार्जर देतो त्या जादा दाबाच्या (पौंड प्रति चौरस इंच), मर्यादेप्रमाणे दोन मापं काढली : १२ पौंड बूस्टवाल्या इंजिनांसाठी एक, १५ पौंडवाल्यांसाठी दुसरं. एकाची चकती दुसऱ्याला चालत नाही.

पहिला गचका मात्र तसाच राहिला, कारण पेट्रोल छताला जाण्यावर चकतीचा काही इलाज नाही. उलटं उडत राहणंही शक्य नव्हतं. झटक्याने नाक दाबायची मुभा मिळाली, थोडा वेळ. खरा उपाय म्हणजे फ्लोटच काढून टाकणं. तो बेंडिक्स-स्ट्रॉमबर्गच्या दाबाच्या कार्बने १९४३ मध्ये आला. मर्लिन ६६ या पुढच्या आवृत्तीवर तोच आहे.

आता तारखा. बॅटल ऑफ ब्रिटन ब्रिटिशांच्या अधिकृत हिशेबात १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४०. शिलिंग आणि त्यांची माणसं तळातळांवर जाऊन या चकत्या बसवत होती ती १९४१ च्या सुरुवातीला. मार्चपर्यंत बहुतेक काम उरकलं. म्हणजे ढकलपत्रातली लढाई वॉशर येण्याआधीच संपली होती. बाईंचं श्रेय यात कुठेही कमी होत नाही. १९४१ मध्ये फ्रान्सवर मोहिमा सुरू झाल्या, तिथे चकती रोज उपयोगी पडली. आणि ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर नॉर्टन मोटरसायकल ताशी शंभर मैलांवर पळवून सुवर्णतारा मिळवलेली बाई आहे ती, खोट्या श्रेयाची तिला गरज नाही.

(वैमानिकांनी त्या चकतीला ठेवलेलं नाव चावट आहे. स्लाइडवर घालू नका, मुलं आधी तेच शोधतील.)

नकाशेवाला :

‘ब्रिटिशांना इंजेक्शन जमत नव्हतं’ हे वाक्यही स्लाइडवर नको. रोल्स-रॉइसने कार्ब हट्टाने ठेवला होता आणि त्याला कारण होतं.

मर्लिनमध्ये कार्ब सुपरचार्जरच्या आधी बसतो. पेट्रोल हवेत मिसळून बाष्प होतं, बाष्प होताना उष्णता शोषतं; माठातलं पाणी गार होतं तसंच. त्यामुळे सुपरचार्जरमधून जाणारं मिश्रण सुमारे २५ अंश सेल्सिअसने थंड राहायचं. थंड म्हणजे घट्ट, म्हणजे त्याच सिलिंडरात जास्त माल, शिवाय डिटोनेशन लांब. थेट इंजेक्शनमध्ये सुपरचार्जर नुसती कोरडी हवा दाबतो, हा फायदा हातचा जातो.

आकडे बघा. मर्लिन २७ लिटरचं, डीबी ६०१ जवळजवळ ३४ लिटरचं. तरी १९४० मध्ये दोन्हींची ताकद एकाच पायरीवर. कार्बचा फायदा विमान हवेत असेपर्यंत प्रत्येक मिनिटाला मिळायचा, तोटा फक्त नाक दाबलं त्या दोन-तीन सेकंदांत. माझ्या मते सौदा वाईट नव्हता. ज्याच्या शेपटीवर १०९ आहे त्याला विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं, हे मान्य.

आणि जर्मनांनीही आधी कार्बच वापरला होता. सुरुवातीच्या १०९ बी मधलं युमो २१० डी कार्बवालंच होतं.

ढगफुटी :

वैमानिक काय करायचे ते सिममध्ये करून बघता येईल. १०९ ने नाक दाबून खाली बुडी मारली की तुम्ही स्टिक पुढे ढकलू नका. थ्रॉटल होता तिथे ठेवा, एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या फळ्या) पूर्ण एका बाजूला देऊन विमान उलटं करा, आणि उलटं झाल्या झाल्या स्टिक पोटाकडे ओढा. नाक जमिनीकडे वळतं, पण ओढल्यामुळे जी पॉझिटिव्हच राहतो, पेट्रोल चेंबरच्या तळाशीच दाबलं जातं, इंजिन कुरकुरत नाही. सूर लागला की अर्धी गिरकी परत घेऊन सरळ व्हा.

बिघडतं कुठे? उलटं झाल्यावर ओढायला उशीर केलात तर तिथेच निगेटिव्ह जी लागतो आणि गचका खाल्लाच म्हणून समजा. दुसरं, वेग ताशी ४०० मैलांकडे गेला की १९४० च्या स्पिटफायरची कापडी एलरॉन दगडासारखी जड होतात. दोन्ही हात लावूनही गिरकी संथ होते. धातूची पत्र्याची एलरॉन १९४१ मध्ये आली. म्हणून गिरकी आधी, वेग नंतर. तिसरं, एवढं सगळं करेपर्यंत १०९ पुढे निघून गेलेलं असतं. पाठलाग होतो, पकड होत नाही.

एक आडवळण, पण याच्याशीच जोडलेलं. डीबी ६०१ चा थ्रॉटल एकदम उघडला की एक्झॉस्टमधून काळा धूर निघायचा. आता चित्र जोडा : स्पिटफायरने गोळ्या झाडल्या, १०९ ने नाक दाबलं, थ्रॉटल ठोकला, काळा धूर सोडत ढगात गेलं. झाडणारा प्रामाणिकपणे सांगायचा, ‘पडलं’. त्यात एकाच विमानावर चौघांनी झाडलेलं असायचं आणि चौघंही मोजायचे. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या तर आकडा साठच्या आसपास आला. खोटेपणा कमी, घाई जास्त. जर्मनांचे दावेही असेच फुगलेले होते, आणि त्यांच्यावर त्याचा परिणाम जास्त वाईट झाला : ब्रिटिशांकडे विमानं संपत आली असं त्यांचे लोक धरून चालले.

चक्रीवादळ :

आणि पेट्रोल? अमेरिकेने दिलेलं १०० ऑक्टेन ऐन वेळी पोचलं म्हणून जिंकले, हे तरी खरं ना?

नकाशेवाला :

अर्धं. १०० ऑक्टेन, म्हणजे जास्त दाब सोसणारं पेट्रोल, होतं आणि त्याने मोठा फरक पडला. ‘अमेरिकेने दिलं’ आणि ‘ऐन वेळी’ हे दोन्ही गडबडीचं. साठा युद्धाआधीपासून करत आणला होता, तो एकट्या अमेरिकेतून येत नव्हता, आणि येत होता तो रोख पैसे मोजून. मित्रदेशांना उधारीवर युद्धसामग्री द्यायचा अमेरिकेचा लेंड-लीज कायदा झाला ११ मार्च १९४१ ला, म्हणजे लढाई संपल्यावर. लढाऊ तुकड्यांची इंजिनं १०० ऑक्टेनसाठी बदलायचं काम १९४० च्या पूर्वार्धातच चालू होतं.

फरक किती, तर ८७ ऑक्टेनवर मर्लिन ३ ला सव्वासहा पौंड बूस्टची मर्यादा होती. त्यापुढे दाबलं की मिश्रण सावकाश जळण्याऐवजी एकदम फुटायचं. १०० ऑक्टेनवर तीच मर्यादा १२ पौंड. १६,२५० फुटांवर १,०३० घोडे देणारं इंजिन १२ पौंडांवर ९,००० फुटांना १,३१० घोडे द्यायचं.

उंचीचा आकडा स्लाइडवर ठळक करा, कारण बहुतेक लोक तो गाळतात. सुपरचार्जरला एकच गती होती. वर हवा विरळ, तिथे तो १२ पौंडांपर्यंत दाबच देऊ शकत नाही. साडेसोळा हजारांच्या वर १०० ऑक्टेन असलं काय, नसलं काय, सारखंच. त्यामुळे ‘नव्या पेट्रोलने स्पिटफायर सगळीकडे वेगवान झालं’ हे चूक; खालच्या आणि मधल्या उंचीवर झालं.

आणि ते बूस्ट फुकट नव्हतं. स्वयंचलित नियंत्रण तोडायचा कट-आउट ओढायचा, जास्तीत जास्त पाच मिनिटं, आणि उतरल्यावर त्याची नोंद करायची म्हणजे मेकॅनिक इंजिन तपासतील.

ढगफुटी :

+१. एकच भर : दोन दावे एकत्र ठेवले तर ढकलपत्र स्वतःच्याच पायात अडकतं. १९४० मध्ये मर्लिनला १२ पौंड बूस्ट होता म्हणूनच पंपाला जास्त पेट्रोल द्यावं लागायचं, आणि रिच कट जोरात यायचं एक कारण तेच.

कार्बसफाई :

थोडं जपून. रिच कट ८७ ऑक्टेनवरही यायचा. पंप आधीपासूनच गरजेपेक्षा मोठा होता. बूस्टचा संबंध चकतीच्या मापाशी आहे, दोषाच्या मुळाशी नाही.

ढगफुटी :

मान्य. मागे घेतो.

रविवारची_पुरवणी :

एवढी तांत्रिक चर्चा कशाला? स्पिटफायर होतं म्हणून जिंकले, शाळेत हेच शिकवा.

नकाशेवाला :

शाळेत शिकवायचं म्हणूनच नको. जुलै १९४० मध्ये हरिकेनच्या तुकड्या तिसाच्या आसपास आणि स्पिटफायरच्या १९. पाडलेल्या विमानांत निम्म्याहून जास्त वाटा हरिकेनचा. त्याची मागची बाजू नळ्यांचा सांगाडा आणि वर ताणलेलं कापड. गोळी आरपार गेली तर भोकावर कापडाचं ठिगळ, वर डोप (कापड ताणून धरणारं रोगण), आणि दुपारी पुन्हा हवेत. स्पिटफायरचा ताण झेलणारा धातूचा पत्रा फाटला की काम जास्त किचकट. बंदुका दोघांनाही आठच, .३०३ ब्राउनिंग, पण हरिकेनच्या प्रत्येक पंखात चारही एका जुडीत, म्हणून मारा दाट. दोघांकडेही गोळ्या जेमतेम पंधरा सेकंदांच्या.

‘हरिकेन बॉम्बरवर, स्पिटफायर फायटरवर’ ही वाटणी कागदावर सुंदर दिसते. प्रत्यक्षात जी तुकडी जवळ असेल ती वर जायची. आणि ती कुठे पाठवायची हे ठरवणारी यंत्रणा, किनाऱ्यावरचे चेन होम या रडारचे मनोरे, बेंटली प्रायरीच्या मुख्यालयातली त्यांच्या बातम्या पडताळणारी फिल्टर रूम, जमिनीवरून दुर्बिणीने बघणारे ऑब्झर्व्हर कोअरचे लोक, हे काढून टाकलं तर दोन्ही विमानं हवेत नुसती पेट्रोल जाळत फिरली असती. चेन होम फक्त समुद्राकडे बघायचं; विमान किनारा ओलांडून आत आलं की पुढचं सगळं त्या दुर्बिणवाल्यांवर. यावर वेगळा धागा काढा, इथे सांडेल.

चक्रीवादळ :

शेवटचा प्रश्न. दुसऱ्या एका ढकलपत्रात ‘बॅटल ऑफ ब्रिटनमधले भारतीय वैमानिक’ म्हणून महिंदर सिंग पुज्जींचा फोटो आहे. तो वापरू का?

कार्बसफाई :

फोटो वापरा, मथळा बदला. भारतीय हवाई दलाच्या २४ वैमानिकांची तुकडी ब्रिटनला पोचली ती ऑक्टोबर १९४० मध्ये, आणि मग आधी प्रशिक्षण. पुज्जी हरिकेनवर लढले ते १९४१ मध्ये. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’चा बिल्ला मिळायला १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० मध्ये ठरावीक तुकड्यांपैकी एकीतून निदान एक लढाऊ उड्डाण हवं. त्यात ते बसत नाहीत.

मुंबईचं नाव हवं असेल तर बावीस वर्षं मागे, पहिल्या महायुद्धात जा. श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबईचे, ब्रिटिशांच्या २३ स्क्वाड्रनमध्ये (हवाई तुकडीत) सॉपविथ डॉल्फिन विमान उडवायचे, जून १९१८ मध्ये पाडले गेले आणि जखमांनी गेले. त्याच युद्धातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय आणि हरदित सिंग मलिक यांची नावं थोडीफार ऐकू येतात, वेलिणकरांचं आपल्याकडेही कोणी घेत नाही.

नकाशेवाला :

पैशाच्या बाजूनेही एक स्लाइड होईल. निजामाच्या देणगीमुळे ११० स्क्वाड्रनला १९१८ मध्ये डीएच ९ए विमानं मिळाली आणि ‘हैदराबाद’ हे नाव लागलं. १९४० मध्ये वॉर्मवेलहून स्पिटफायर उडवणाऱ्या १५२ स्क्वाड्रनच्या बोधचिन्हातही निजामाचा शिरपेच आहे. औरंगाबाद, बीड, नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणजे शेतसारा कुठून कुठे गेला बघा. १३२ स्क्वाड्रनचं नाव तर सरळ ‘सिटी ऑफ बॉम्बे’.

चक्रीवादळ :

सगळ्यांचे आभार. वॉशरची स्लाइड ‘१९४१’ खाली हलवली, लेंड-लीज काढलं, ९,००० फूट ठळक केलं. मर्लिनच्या स्लाइडवर दाढीवाला जादूगार आहे, तो राहू दे ना?

ढगफुटी :

तोही काढा. रोल्स-रॉइस त्या काळात इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावं द्यायची : केस्ट्रेल म्हणजे खरुची, पेरेग्रिन म्हणजे बहिरी ससाणा, व्हल्चर म्हणजे गिधाड. मर्लिन हा चिमुकला ससाणा, आपल्या तुरुमतीच्या जवळपासचा. दाढीच्या जागी त्याचा फोटो लावा.